हाकेवरचं घर

विट्याहून आटपाडीकडं निघालं की नव्या माणसाला एक कोडं पडतं. कुसळाच्या माळावर, पत्र्याच्या दोन-चार घरांच्या मधोमध एकदम दुमजली बंगला उभा असतो. दारात संगमरवरी पायऱ्या, गच्चीच्या कठड्याला नक्षी, फाटकावर सिद्धनाथाचं नाव आणि त्याच फाटकाला कुलूप. अंगणात गुडघ्याएवढं गवत. पुढच्या वाडीत असाच आणखी एक, त्याच्या पुढं तीन. नवा माणूस विचारतो, "ही माणसं गेली कुठं?" आमच्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा याचं उत्तर देतं, "गलाईला."

गलाई म्हणजे सोन्या-चांदीची भट्टी. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, बैठकीखालची धूळ, हात धुतलेलं पाणीसुद्धा विकत घ्यायचं. ते जाळायचं, धुवायचं, तेजाबात घालायचं, मुशीत वितळवायचं आणि त्यातलं सोनं वेगळं काढायचं. जुने दागिने आटवून द्यायचे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडच्या माण-खटावची माणसं हा धंदा करत देशभर पसरली. काश्मीरपासून केरळपर्यंत सराफ कट्टा असेल तिथं बोळात एक भट्टी असते आणि भट्टीपुढं आमच्यातला कुणीतरी बसलेला असतो. जन्मभर तो भाड्याच्या खोलीत राहतो आणि मिळालेल्या पैशातून गावाकडं बंगला बांधतो. यात्रेला येतो, विट्याच्या दसऱ्याला पालख्यांची शर्यत बघायला येतो, पोरीचं लग्न असलं की येतो. पंधरा दिवस बंगल्यात दिवे लागतात. मग पुन्हा कुलूप.

वय आहे तोवर हे चालतं. साठी उलटली की सवाल उभा राहतो, आता म्हातारपण कुठं काढायचं? तिथंच राहायचं, तर भाड्यानं की विकत घेऊन? की गावाकडच्या बंगल्याचं कुलूप काढायचं? वरवर बघितलं तर हा पैशाचा हिशोब आहे. पण गेल्या दोन वर्षांत आमच्याच घरात तो मांडला गेला आणि माझ्या ध्यानात आलं, की पैशाचा हिशोब एका संध्याकाळी संपतो. उरलेलं मात्र संपत नाही.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, १९७२च्या दुष्काळानंतरच्या वर्षी मदुराईला गेले. वय सोळा. आदल्या साली त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली होती आणि सुकडी खाल्ली होती. भावकीतले एक मामा त्यांना भट्टीवर पोऱ्या म्हणून घेऊन गेले. मीनाक्षीच्या देवळाभोवती चौकोनात चौकोन असे रस्ते आहेत. त्यातल्या एका रस्त्याच्या बोळात आण्णांची सगळी उमर गेली. आता भट्टी पोरगा बघतो. आण्णा सदुसष्टचे, वैनी बासष्टच्या. ज्या घराच्या वरच्या मजल्यावर ती दोघं सव्वीस वर्षं भाड्यानं राहिली, त्या घराची मालकीणबाई म्हातारी झाली. तिचा मुलगा सिंगापूरला. तिला घर विकून मोकळं व्हायचं होतं. तिनं परक्याला सांगायच्या आधी आण्णांना बोलावलं आणि म्हणाली, "तुम्ही घेता का? साठ लाखात देते."

आण्णांचा त्या रात्री फोन आला. म्हणाले, "तुझं काय म्हणणं हाय?"

मी काय म्हणणार? आधी इथं एक सांगून ठेवलं पाहिजे. गावाकडं आण्णांच्या वाटणीची दीड एकर जमीन मी कसतो. वाट्यानं म्हणा, भावपणानं म्हणा, सातबाऱ्यावर नाव त्यांचं आणि घाम माझा. आण्णांच्या गाठीला चाळीस लाख होते. साठ लाखाचं घर घ्यायचं, तर मुद्रांक आणि नोंदणी मिळून शेकडा नऊच्या आसपास वर जाणार, म्हणजे पासष्ट लाखाच्या पुढं. खोट पंचवीस लाखांची. ती भरायला एकच वाट होती, ती दीड एकर. म्हणजे आण्णांनी मला सल्ला विचारला खरा, पण ज्याच्या पायाखालची जमीन जाणार त्यालाच विचारला. सल्ला देणाऱ्याचा स्वार्थ ऐकणाऱ्याला माहीत असावा, असं मला वाटतं. म्हणून आण्णांना पहिल्यांदा तेच सांगितलं, "आण्णा, मी यात सरळ न्हाई. माझं बोलणं तेवढं वजा करून ऐका."

ते हसले. म्हणाले, "ते मला ठावं हाय. तरीबी बोल."

मग आम्ही हिशोब मांडला. घराचं भाडं महिन्याला बारा हजार. चाळीस लाख ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत दोघांच्या नावानं विभागून ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला तीन लाख अठ्ठावीस हजार, म्हणजे महिन्याला सत्तावीस हजारांच्या वर. त्यातनं भाडं दिलं तरी पंधरा हजार हातात राहतात. घर घेतलं, तर भाडं नाही, पण व्याजही नाही आणि जमीनही नाही. औषधाच्या गोळीला पोराकडं हात पसरायचा. इथवर हिशोब भाड्याच्या बाजूनं बोलतो. पण तो पुढं चालवला पाहिजे. भाडं दरसाल शेकडा पाचनं चढलं, तर पंधरा वर्षांत ते दुपटीच्या वर जातं, पंचवीस हजाराला भिडतं. व्याज मात्र वाढलं तर नशीब, नाहीतर तेवढंच. म्हणजे सदुसष्टाव्या वर्षी जे सोयीचं, ते ब्याऐंशीव्या वर्षी गळ्याशी येतं. आणि माणूस नेमका ब्याऐंशीलाच हलवायला अवघड असतो.

दुसरी एक गोष्ट आकड्यात बसत नाही. म्हाताऱ्याला खोली कोण देतो? तरण्या जोडप्याला मालक दार उघडतो. ऐंशीच्या म्हातारीला बघितलं की तो मनात वेगळाच हिशोब करतो. ही आजारी पडली तर कोण बघणार, इथंच गेली तर? हे फक्त मदुराईतच नाही. सांगलीत, साताऱ्यात, पुण्यात कुठंही हेच. भाडेकरूला घरातून काढता येतं, ही गोष्ट तरुणपणी कागदावरची ओळ असते. म्हातारपणी रात्रीची झोप त्या ओळीवर अडते.

घर विकत घ्यावं, असं माणसाला वाटतं ते या भीतीनं. त्यात गैर काही नाही. "घर बघावं बांधून आणि लग्न बघावं करून" असं आपण म्हणतो, आणि बांधलेल्या घराबद्दल आपल्याला जी माया आहे तिच्यात पुष्कळसा आसरा असतो, थोडी ऐट असते. आमच्या भागात ऐटीचा भाग जरा जास्तच. जन्मभर परमुलखात "भाडेकरू" म्हणून राहिलेला माणूस गावात तिमजली बांधतो, ते कुणाला तरी दाखवायला. ज्यांना दाखवायचं त्यातले निम्मे वारलेले असतात.

पण मालकी म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आमच्या मुलखाला नवा नाही. १९४८चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. आमच्या आजोबांना जमिनीचा मोठा तुकडा याच कायद्यानं मिळाला. त्याआधी ते दुसऱ्याच्या नावावरच्या रानात राबत होते. सरकारनं एवढंच विचारलं, की या जमिनीत राबतो कोण? आणि राबणाऱ्याच्या बाजूनं कौल दिला. आजोबा सांगायचे, हप्ते फेडून कागद हातात आला त्या दिवशी ते बांधावर जाऊन नुसते बसले. काम काही केलं नाही.

आता त्याच तुकड्यात मी राबतो आणि मालक मदुराईत. आजोबांचा न्याय लावला, तर जमीन माझी व्हायला हवी. कायद्यानं तसं होत नाही. घरातला माणूस घरातल्याचं कूळ ठरत नाही, आणि ते बरंच आहे, नाहीतर भावानं भावाला चार सऱ्यासुद्धा कसायला दिल्या नसत्या. पण कायदा बाजूला ठेवला तरी मनाला सवाल पडतो. कसेल त्याची जमीन, तर मग राहील त्याचं घर का नाही? सव्वीस वर्षं वैनींनी ज्या पायऱ्या झाडल्या, ते घर त्यांचं का नाही?

याला उत्तर आहे, आणि ते मालकीणबाईकडं बघितलं की सापडतं. ती काही इनामदार नव्हे. नवऱ्याच्या पाठीमागं त्या भाड्यावर तिनं चूल चालवली, पोराला शिकवलं. तिचं घर हीच तिची पेन्शन. राहणाऱ्याचा हक्क मोठा करायचा, तर या बाईचा आधार छोटा होतो. १९५७चा न्याय बरोबर होता, कारण तिथं एका बाजूला शेकडो एकर होते आणि दुसऱ्या बाजूला उपाशी पोट. इथं दोन्ही बाजूंना म्हातारी माणसंच आहेत. तोच न्याय उचलून दुसरीकडं ठेवला की तो अन्याय होतो. म्हणून आण्णांनी भाव पाडायचा विचार केला नाही. काही जण त्यांना म्हणाले, "सव्वीस वर्षं राहिलाय, बसा धरून, तिला कोर्टात जायला जमायचं न्हाई." आण्णा म्हणाले, "तिनं मला आधी बोलावलं. तिचं ते बोलावणं मी असं फेडू?"

मालकी कायमची असते, असंही मानू नये. आपल्या साताऱ्याकडंच बघा. कोयनेचं धरण झालं तेव्हा पाटण-जावळीच्या खोऱ्यातली गावंच्या गावं शिवसागरात गेली. त्या माणसांकडं कागद होते, पिढ्यांचे होते. कुणी रायगडात गेलं, कुणी ठाण्यात, कुणी आमच्या सांगलीकडं, कुणी सोलापूरला. नव्या जागी त्यांना जमीन नावावर व्हायला किती खेटे घालावे लागले, हे त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक आहे. पण जी वस्ती एकाच गावची म्हणून एकत्र बसली, तिनं देव नेला, यात्रा नेली, आळीची नावं नेली, आणि गाव पुन्हा उभं केलं. जिथं घरं विखुरली, तिथं जमीन मिळूनही गाव मिळालं नाही.

दुसरं उदाहरण माझ्या चुलत्यांचं. ते लालबागला गिरणीत होते. खोली पागडीची. पागडी हा प्रकार मुंबईबाहेरच्या माणसाला समजत नाही. सुरुवातीला एकरकमी पैसे द्यायचे, मग महिन्याचं भाडं नाममात्र. मालक तुम्हाला सहजी काढू शकत नाही आणि तुम्ही खोली सोडताना मालकाचा वाटा देऊन दुसऱ्याकडनं पागडी घेणार. धड भाडेकरू नाही, धड मालक नाही. त्या दहा बाय बाराच्या खोलीत गावचे आठ-आठ जण पाळीपाळीनं झोपायचे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. वर्षभर वाट बघून चुलत्यांनी खोली सोडली आणि गावी आले. इथं घर स्वतःचं, जमीन स्वतःची. पण पारावर जाऊन बसले की जो तो विचारी, "कधी आलासा? कधी जाणार?" आपल्याच गावात, आपल्याच घरात राहणाऱ्याला हा सवाल पाच-सहा वर्षं विचारला गेला. ते म्हणायचे, "चाळीत मला कुणी कवा विचारलं न्हाई, की तू जाणार कवा." पुढं ते भजनात टाळ घेऊन उभे राहायला लागले, कुणाच्या मयतीला पहिल्यांदा पोचायला लागले, तेव्हा हा सवाल थांबला. घर होतंच. गाव त्यांना नव्यानं मिळवावं लागलं, आणि ते पैशानं मिळालं नाही.

आण्णांना मी हे आठवून दिलं. त्यांना गाव आठवतं ते १९७३ सालचं. त्या गावातली माणसं आता नाहीत. माडगूळकरांची 'बनगरवाडी' ज्या माणदेशावर आहे, तो माणदेश आमचाच. दुष्काळात वस्ती उठून जाणं आमच्या रक्तात आहे. पण आता टेंभू योजनेचं पाणी आलंय. कऱ्हाडजवळ उचललेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं चढून आमच्या कुसळाच्या रानात उतरतं. डाळिंब होतं, द्राक्षं होतात, ऊसही दिसतो. जे पाणी नव्हतं म्हणून पोरं गेली ते पाणी आलं, तेव्हा पोरं सत्तरीला आली. जमिनीचा भाव चढला, तो विकण्याचा मोह घेऊन आला. आण्णांच्या वाटणीला पंचवीस लाख मिळू शकतात, हे पाणी यायच्या आधी कुणी म्हटलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं.

मदुराईतच आण्णांना दुसरं एक उत्तर रोज दिसतं. तिथं सौराष्ट्री लोक आहेत, विणकरांची जात. कित्येक पिढ्यांमागं गुजरातेकडनं निघालेले. घरात अजून आपली भाषा बोलतात, बाहेर तमिळ. त्यांना "तुमचं गाव कोणतं" विचारलं, तर ते मदुराई म्हणतात. तंजावरला आपलीच मराठी माणसं आहेत. व्यंकोजीराजांच्या काळापासून गेलेली. त्यांचं राज्य १८५५ला खालसा झालं तरी माणसं परत आली नाहीत. त्यांची मराठी आपल्याला थोडी नवलाची वाटते, पण ती अजून घरात बोलली जाते. या लोकांनी केव्हा तरी, कुठल्या तरी पिढीत ठरवलं असणार, की आता आपली राख इथल्याच नदीत जाणार. आमच्या गलाईवाल्यांची अजून पहिली-दुसरी पिढी आहे. ठरवायचं अंगावर आलंय ते यांच्या.

प्रत्येक मुलूख ठरवूही देत नाही. काश्मीरमध्ये २०१९पर्यंत बाहेरच्याला घर-जमीन विकत घेताच येत नव्हती. तिथल्या आमच्या माणसांना भाडं की विकत हा सवालच नव्हता. हिमाचलात बिगरशेतकऱ्याला जमिनीसाठी सरकारची परवानगी लागते. परदेशाचं तर वेगळंच. थायलंडमध्ये परक्याला फ्लॅट मिळतो, जमीन मिळत नाही. उलट आपल्याकडनं गेलेला पोरगा तिकडचा नागरिक झाला, की त्याला इथं फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. बापाची वारसानं मात्र मिळते. या नियमांमागं कारणं वेगवेगळी आहेत, तरी त्यातनं एक गोष्ट निघते. काही ठिकाणं पैशानं मिळतात, काही फक्त जन्मानं, आणि काही नुसती राहून राहून.

आण्णांचं मन गावाकडं होतं. ते उघड बोलत नव्हते, पण मला कळत होतं. एकदा म्हणाले, "माती गावात व्हावी, एवढंच." आमच्या पिढीला हे वाक्य फोडून सांगावं लागत नाही. खांदा द्यायला भावकी, सावडायला भावकी, दहाव्याला नदीकाठ आणि ओळखीचा कावळा. परमुलखात मेलं की हे सगळं भाड्यानं आणावं लागतं, असं त्यांना वाटतं. पण वैनींचं मन वेगळं होतं, आणि आम्ही दोघं भाऊ महिनाभर फोनवर बोलत होतो तरी त्यांना विचारलं नव्हतं. विचारलं ते माझ्या बायकोनं.

वैनी माणदेशातल्या, माहेर म्हसवडच्या बाजूला. लग्न होऊन मदुराईला गेल्या तेव्हा त्यांना तमिळचा एक शब्द कळत नव्हता. फक्त एक ओळखीचा निघाला. फुलवाली त्यांना 'अक्का' म्हणाली. आपल्याकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, तिकडंही तेच. त्या म्हणतात, त्या दिवशी त्या रडल्या आणि त्या दिवसापासून त्या तिथल्या झाल्या. त्यांचे गुडघे गेलेत. डॉक्टर दोन गल्ल्यांवर. नातवंडं शेजारच्या रस्त्याला. गावी आल्या, तर जरा मोठं दुखणं निघालं की मिरज गाठावी लागणार, आणि बंगल्यात तिसऱ्या माणसाचा आवाज नाही. मी फोनवर आलो तेव्हा म्हणाल्या, "भावजी, बंगला मोठा हाय, पर रातचं पडले-झडले तर मी हाक कुणाला मारू? आन् हिथलं घर इकत घेऊन काय करू? माडीवरचं हाय, गुडघं चढत न्हाईत. मला नावावरचं घर नगं. हाकंवरचं पायजे."

मी गप्प झालो. आण्णाही गप्प झाले. भाडं की खरेदी, गाव की शहर, असे दोन-दोन रकाने आम्ही आखले होते आणि वैनींनी तिसराच रकाना काढला. त्यात एकच ओळ होती: हाक मारली तर कोण येईल?

मला वाटतं, म्हातारपणाचं घर ठरवताना पहिला सवाल हाच असावा. मालक असलात तरी हाकेला कुणी नसेल, तर ते घर धर्मशाळेपेक्षा जास्त काही नाही. भाडेकरू असलात आणि शेजारीण तुमचा आवाज ओळखत असेल, तर महिन्याचं भाडं हा फार मोठा दंड नाही. हाकेचं नातं खरेदीखतात लिहून मिळत नाही. ते सव्वीस वर्षं ताकाचा तांब्या इकडून तिकडं गेल्यानं तयार होतं.

पण इथं थांबलं तर वैनींवरच अन्याय होईल. हाकही कायमची नसते. शेजारीण मरते, नातवंडं शिकायला जातात, पोराची भट्टी दुसऱ्या गावी जाते. त्या दिवशी बाईच्या हातात काय उरतं? गावाकडचा बंगला आण्णांच्या नावावर. जमीन आण्णांच्या नावावर. पन्नास वर्षांच्या संसारात वैनींच्या नावावर फक्त मतदार ओळखपत्र आणि आधार. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. ती हवा आमच्या वाडीपर्यंत आली होती. आमच्या पारावरून ती नुसती वाहून गेली. नवऱ्यामागं बाईला घरातून कुणी काढत नाही, असं आपण म्हणतो. काढत नाही खरं. पण तिला विचारल्याशिवाय घर विकतात, तिची खोली बदलतात, तिला चार महिने या पोराकडं आणि चार महिने त्या पोराकडं ठेवतात. कागदाचा खरा उपयोग इथं आहे. जो मागं राहणार आणि ज्याचा शब्द आधीच हलका धरला जातो, त्याच्यासाठी कागद. ऐटीसाठी तो नको. "तुमचं गाव कोणतं" याचं उत्तर देण्यासाठीही नको.

आण्णांना मी हे लिहून पाठवलं. पुढं जे झालं, ते आमच्या दोघांच्याही आखलेल्या रकान्यात नव्हतं. तमिळनाडूत ओत्ती म्हणून एक रीत आहे. एकरकमी रक्कम मालकाला द्यायची, दोन-तीन वर्षं घरात राहायचं, महिन्याचं भाडं नाही. मुदत संपली की रक्कम जशीच्या तशी परत. आपल्याकडच्या कब्जेगहाणाची सख्खी बहीणच. त्याच बोळात, चार दारं सोडून, तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर बारा लाखाला ओत्तीनं मिळालं. यात धोका आहे. मालकानं मुदतीला पैसे परत केले नाहीत, तर काय? म्हणून साध्या चिठ्ठीवर न भागवता नोंदणी करून घेतली, आणि ती वैनींच्या नावानं. उरलेले अठ्ठावीस लाखही बचत योजनेत वैनींच्याच नावे गेले. मालकीणबाईचं घर दुसऱ्या कुणी घेतलं, तिला तिचे साठ लाख मिळाले. ती सिंगापूरला जाताना वैनींना भेटून गेली. दोघी बराच वेळ बोलल्या म्हणे.

जमीन राहिली. म्हणजे माझा स्वार्थ साधला, हे कुणी म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण ती तशीच राहू दिली नाही. आण्णांचं आणि माझं बोलणं झालं, की आण्णांच्या मागं दीड एकर वैनींच्या नावे लागेल असं मृत्युपत्र करायचं, आणि तोवर दरसाल निम्मा वाटा पैशानं वैनींच्या खात्यात जाईल, आण्णांच्या नाही. गेल्या हंगामातला गेला. बंगल्यात शाळेवर नव्यानं आलेल्या एका बाई त्यांच्या आईसह राहायला आल्यात. भाडं नावाला. संध्याकाळी तिथनं कुकरच्या शिट्टीचा आवाज येतो. आण्णांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "माझ्या घरात माझ्या आधी दुसरंच कोण ऱ्हायलं की रं." आवाजात राग होता की समाधान, मला ओळखता आलं नाही.

मातीचा सवाल तसाच आहे. हजार-बाराशे किलोमीटरवरून माणूस शेवटचा आणायचा की नाही, यावर आण्णा आणि वैनी अजून बोललेले नाहीत, आणि हे त्यांच्या वतीनं दुसऱ्यानं ठरवू नये. वैनी एवढंच म्हणाल्या, की त्यांची राख वैगैत गेली तरी चालेल, तिथंही चैत्रात देव नदीत उतरतो.

ओत्तीची मुदत तीन वर्षांची आहे. तोवर आण्णा सत्तरीला पोचतील. तेव्हा रक्कम परत घ्यायची, मुदत वाढवायची, की दुसरं काही बघायचं, हे पुन्हा ठरवावं लागेल. त्या वेळी पहिला फोन मला करू नका, आधी वैनींना विचारा, असं मी आण्णांना सांगून ठेवलंय.